एकाच डोक्यात अख्खी सर्व्हर रूम चालवणारे दामोदर कोसंबी, पण त्यांच्या कामाचा बॅकअप कुणी घेतलाच नव्हता

मनमाडच्या माणसाला स्टोरेज म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही.

वागदर्डी धरणाचं पाणी आणि नळाची वाट बघणं यात इथल्या पिढ्या गेल्या. घरात आधी ड्रम, मग टाकी, मग गच्चीवर दुसरी टाकी. ज्याला जमलं त्याने सगळ्या टाक्या पाइपने एकमेकींना जोडल्या. आता स्वयंपाकघराला कुठल्या टाकीतलं पाणी आलं आणि न्हाणीघराला कुठल्या, हे कुणी बघत नाही. पाणी एका ठिकाणी जमा होतं आणि लागेल तिथे लागेल तेवढं सोडलं जातं.

कॉम्प्युटरच्या दुनियेत याच प्रकाराला सॉफ्टवेअर-डिफाइन्ड स्टोरेज म्हणतात. चार-सहा हार्ड डिस्क असतात, पण सॉफ्टवेअर त्यांना एकच टाकी समजतं आणि त्यातून हवा तेवढा वाटा तोडून देतं. त्याच डब्यात प्रोसेसर आणि रॅम असतात. त्यांचेही तुकडे पाडून एका खऱ्या कॉम्प्युटरमध्ये पाच-दहा आभासी कॉम्प्युटर चालवता येतात. एकावर अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, दुसऱ्यावर सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, तिसऱ्यावर ऑफिसच्या फायली. त्यांना जोडणारं नेटवर्कही सॉफ्टवेअरमध्येच. पूर्वी यासाठी एक खोली, तीन-चार मशीन आणि एसी लागायचा. आता टेबलाखालच्या एका डब्यात भागतं. या प्रकाराचं नाव हायपरकन्व्हर्ज्ड.

मोठ्या कंपन्या असे किमान तीन डबे एकत्र लावतात. एक बंद पडला तर बाकीचे काम सांभाळून घेतात. मनमाडसारख्या गावातलं एखादं दुकान, पतसंस्था किंवा क्लास मात्र एकाच डब्यावर काम चालवतो. प्रॉक्समॉक्ससारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकायचं, दोन डिस्कवर झेडएफएसचा आरसा करायचा, म्हणजे एकीवर लिहिलेलं दुसरीवरही आपोआप लिहिलं जातं, आणि कामाला लागायचं. स्वस्त आणि सुटसुटीत. धोका एकच. डबा एकच आहे.

आता तुम्ही म्हणाल, यात कोसंबी कुठून आले? इतिहासाची पुस्तकं लिहिणारे तेच ना?

होय, तेच. पण इतिहास हे त्यांचं एक काम झालं. दामोदर धर्मानंद कोसंबी पेशाने गणिताचे प्राध्यापक होते. डेटा छोटा करण्याच्या शास्त्राचा पाया असलेलं एक गणित त्यांनी १९४३ साली पुण्यात बसून मांडलं. इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर जन्माला येत होते त्याच वर्षांत ते त्या मशीनचा अभ्यास करायला इंग्लंड-अमेरिकेला जाऊन आले. आणि एकाच डब्यात सगळं ठेवलं, दुसरी प्रत कुठेच नसली, तर काय होतं, हेही त्यांच्याच गोष्टीत दिसतं.

गोव्याहून थेट हार्वर्ड

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातल्या कोसबें गावचा. वडील धर्मानंद कोसंबी म्हणजे मुलखावेगळा माणूस. बुद्धाचा धर्म समजून घ्यायचा या एका ओढीने ते तरुणपणी घरदार सोडून निघाले. पाली भाषा शिकले आणि पुढे त्यातले मोठे पंडित झाले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाचं बोलावणं आलं.

१९१८ साली धर्मानंद पुन्हा अमेरिकेला निघाले तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर आणि मोठी मुलगी माणिक सोबत होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज गावात दामोदरची शाळा सुरू झाली. शाळा संपवून तो हार्वर्डमध्ये शिकला आणि १९२९ साली सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन बाहेर पडला.

हार्वर्डमध्येच त्यांच्या स्वभावाची चुणूक दिसली होती. बर्कहॉफ हे तेव्हाचे अमेरिकेतले आघाडीचे गणितज्ञ. एवढा हुशार मुलगा आहे तर त्याने गणितावरच लक्ष द्यावं, असं त्यांचं मत होतं. कोसंबींनी मात्र गणितासोबत भाषा आणि इतर विषयही हौसेने घेतले. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन अशा भाषा पदरात पडल्या. सायबरनेटिक्सचे जनक नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्यांची ओळख झाली तीही याच काळात.

जाता जाता एक योगायोग सांगतो. एका मोठ्या कॉम्प्युटरचे आभासी तुकडे पाडून प्रत्येकाला स्वतंत्र मशीन दिल्याचा भास निर्माण करायचा, ही आजच्या व्हर्च्युअलायझेशनची युक्ती आयबीएमच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात सीपी-४० या प्रकल्पात प्रत्यक्षात आणली. ते संशोधन केंद्र याच केंब्रिज गावात होतं. ती यंत्रणा रोजच्या वापरात आली १९६७ च्या जानेवारीत. कोसंबी त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते.

नसलेल्या गणितज्ञाचा सिद्धांत

पदवीनंतर कोसंबी भारतात परतले. आधी बनारस हिंदू विद्यापीठात शिकवलं. मग अलिगढला गेले. तिथे गणित विभाग सांभाळत होते आंद्रे वेल, वय पंचविशीच्या आसपास. हेच वेल पुढे विसाव्या शतकातले दिग्गज गणितज्ञ झाले.

या दोघांनी मिळून एक खोडी काढली. १९३१ साली कोसंबींनी एक शोधनिबंध छापला आणि त्यात बुर्बाकी नावाच्या कुणा गणितज्ञाच्या सिद्धांताचा हवाला दिला. असा माणूस अस्तित्वातच नव्हता. कल्पना वेल यांची, नाव कोसंबींचं. काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी याच काल्पनिक नावाने गणिताचे ग्रंथ लिहायला घेतले आणि बुर्बाकी हे नाव जगभर गाजलं. त्या नावाचा छापील जगातला पहिला उल्लेख कोसंबींच्या निबंधात सापडतो.

त्याच वर्षी त्यांचं नलिनी मडगांवकर यांच्याशी लग्न झालं. वेल अलिगढहून गेले आणि कोसंबीही पुण्याला आले. वडिलांनी जिथे पाली शिकवली त्याच फर्ग्युसन कॉलेजात मुलगा गणित शिकवू लागला. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं.

नाण्यांचं वजन करणारा गणिताचा मास्तर

फर्ग्युसनमध्ये असताना कोसंबींना संख्याशास्त्राची गोडी लागली. नुसती पुस्तकं वाचून ते शिकायचं हे त्यांना पटेना. खऱ्या आकड्यांवर हात बसला पाहिजे. मग त्यांनी आकडे शोधले कुठे, तर नाण्यांमध्ये.

विचार साधा होता. नाणं हातोहाती फिरतं तसं झिजतं. वर्षाला किती झिजतं हे कळलं तर वजनावरून नाणं किती काळ चलनात होतं ते काढता येईल. हे ताडून बघायला त्यांनी आधी बाजारात चालणारी तेव्हाची नाणी घेतली. त्यांच्यावर साल छापलेलं असायचं. अशी हजारो नाणी एकेक करून नाजूक तराजूवर तोलली. तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. नाणं जुनं होत जातं तसं सरासरी वजन ठरावीक चालीने कमी होतं आणि नाण्यानाण्यातला फरक वाढत जातो.

हीच फूटपट्टी घेऊन ते प्राचीन भारताच्या आहत नाण्यांकडे वळले. आहत म्हणजे ठसे मारलेली चांदीची नाणी. त्यांच्यावर ना राजाचं नाव, ना साल. तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यातल्या नाण्यांवर हे गणित लावून कुठला गट आधीचा आणि कुठला नंतरचा, याचा क्रम लावता येतो हे त्यांनी दाखवलं. नाणेशास्त्रात तोवर नजरेचा अंदाज चालायचा. तिथे आता मोजमाप आलं.

पण नाण्यांचा क्रम लागला की पुढचा प्रश्न येतो. ही पाडली कुणी? त्यासाठी ग्रंथ वाचायला हवेत. ग्रंथ वाचायचे तर संस्कृत पक्कं हवं. कोसंबींनी संस्कृत इतकं पक्कं केलं की भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखितं ताडून त्यांनी चिकित्सक आवृत्ती काढली. ती १९४८ साली छापून आली. गणिताच्या मास्तरकडून नाण्यांकडे, नाण्यांकडून संस्कृतकडे आणि तिथून इतिहासाकडे, असा हा प्रवास झाला.

१९४३ चं गणित आणि तुमच्या मोबाईलमधला फोटो

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ.

समजा, मनमाडच्या तापमानाचा रोजचा आलेख काढला. दर मिनिटाला एक नोंद, म्हणजे दिवसाच्या १,४४० नोंदी. दहा वर्षांचे आलेख साठवायचे तर आकड्यांचा ढीग होईल. पण हे आलेख नीट बघितले तर बहुतेक दिवसांचा आकार सारखाच दिसेल. पहाटे कमी, दुपारी चढ, रात्री उतार. हा झाला पहिला मूळ आकार. ढगाळ दिवशी दुपारचा चढ दबतो, हा दुसरा. पाऊस पडला की एकदम घसरण, हा तिसरा. मग कुठल्याही दिवसाचं वर्णन असं करता येतं की पहिला आकार इतका, दुसरा इतका, तिसरा इतका. १,४४० आकड्यांच्या जागी मोजके आकडे ठेवले तरी आलेख जवळपास जसाच्या तसा परत काढता येतो.

असे मूळ आकार शोधायचे कसे, त्यांना महत्त्वाच्या क्रमाने लावायचं कसं, आणि एकातली माहिती दुसऱ्यात पुन्हा येणार नाही याची खात्री कशी करायची, याचं काटेकोर गणित कोसंबींनी १९४३ साली मांडलं. निबंध जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीत आला.

पण तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा. भारतातली गणिताची मासिकं युरोप-अमेरिकेत किती हातांत पोचत असतील? पुढच्या पाच वर्षांत फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्समध्ये घडलेले मिशेल लोएव यांनी स्वतंत्रपणे तेच गणित मांडलं. जगाने त्याला कारहुनेन-लोएव हे नाव दिलं. इंजिनिअरिंगच्या पिढ्यांनी ते याच नावाने शिकलं. आपल्याकडच्या पोरांनीसुद्धा.

याचा तुमच्या मोबाईलशी काय संबंध? १९७४ साली नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव या तिघांनी डीसीटी नावाची पद्धत मांडली. डेटा छोटा करण्याच्या कामात कारहुनेन-लोएवचं गणित सर्वांत काटकसरीचं मानलं जायचं, पण ते चालवायला वेळखाऊ होतं. या तिघांनी दाखवलं की आपली पद्धत झटपट आहे आणि निकाल त्या आदर्शाच्या अगदी जवळ जातो. पुढे जेपीईजी फोटो याच डीसीटीवर उभे राहिले. जेपीईजी फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं, प्रत्येक चौकोन मूळ आकारांत मोडतं आणि डोळ्याला न कळणारा बारीक तपशील सोडून देतं. म्हणून मोठा फोटो काही सेकंदांत गावाहून मुंबईला पोचतो.

एक खुलासा इथेच करतो. फोटोत थोडा तपशील गेला तर चालतो, हिशोबाच्या फायलीत एक आकडाही गेलेला चालत नाही. त्यामुळे सर्व्हरच्या डिस्कवर जे कॉम्प्रेशन लावतात ते वेगळ्या जातीचं, एकही अक्षर न गाळणारं असतं. कोसंबींचं गणित पहिल्या जातीच्या मुळाशी आहे.

याच सुमारास, १९४४ साली, त्यांचा आणखी एक निबंध आला. तोही भलत्याच विषयावर, आनुवंशिकीवर. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती दूर आहेत, हे संकरातून आलेल्या पिढीवरून काढण्याचं सूत्र त्यात होतं. आज पिकांचे जनुक-नकाशे तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोसंबी नावाचा पर्याय असतो. तो निवडणाऱ्या अनेकांना हा माणूस कोण, कुठला, हे ठाऊकही नसतं.

डेक्कन क्वीनने अप-डाऊन

१९४५ साली होमी भाभांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, उभी केली आणि कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावलं. संस्था तेव्हा पेडर रोडवरच्या एका बंगल्यात चालायची.

कोसंबींनी पुण्यातलं घर सोडलं नाही. सकाळी डेक्कन क्वीन पकडायची, मुंबईला जायचं, संध्याकाळी परत. पंचवटी एक्स्प्रेसने रोज अप-डाऊन करणाऱ्या मनमाडकरांना यात नवल वाटणार नाही. गाडीतला वेळ ते वाचनात आणि लिखाणात घालवत.

१९४८-४९ साली युनेस्कोची फेलोशिप घेऊन ते इंग्लंड आणि अमेरिकेला गेले. विषय होता इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रं, म्हणजे आपल्या भाषेत कॉम्प्युटर.

ही तारीख नीट बघा. स्वतःच्या मेमरीत साठवलेला प्रोग्राम चालवणारं पहिलं इलेक्ट्रॉनिक मशीन इंग्लंडच्या मँचेस्टरमध्ये चाललं ते २१ जून १९४८ रोजी. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एडसॅकने पहिला प्रोग्राम चालवला ६ मे १९४९ रोजी. म्हणजे कॉम्प्युटर नावाची गोष्ट अक्षरशः बाळसं धरत होती तेव्हा हा पुणेकर प्राध्यापक तिचा अभ्यास करायला गेला होता.

१९४९ साली शिकागो विद्यापीठात त्यांनी भूमिती शिकवली आणि मग ते प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीत गेले. तिथे आइनस्टाइन होते, हर्मन वाइल होते आणि जॉन फॉन नॉयमनही. फॉन नॉयमन तेव्हा तिथेच स्वतःचा कॉम्प्युटर बांधत होते. प्रोग्राम आणि डेटा एकाच मेमरीत ठेवायचा, म्हणजे तारा न बदलता तेच मशीन आज हिशोब करेल आणि उद्या हवामानाचा अंदाज काढेल, ही त्या रचनेची कल्पना. आजचा टेबलाखालचा सर्व्हर याच कल्पनेचा पणतू. एका यंत्राने कुठलंही काम करावं इथून सुरुवात झाली आणि एका यंत्राने एकाच वेळी दहा यंत्रं व्हावं इथवर आपण आलो.

पुढे टीआयएफआरमध्ये आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांनी स्वतःचा कॉम्प्युटर बांधला. त्याची लहान प्रायोगिक आवृत्ती १९५६ ला झाली, पूर्ण मशीन १९६० मध्ये कामाला लागलं. नाव टिफरॅक. मेमरी होती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. म्हणजे आजच्या हिशोबाने साधारण १० किलोबाइट. मोबाईलमधला एक स्टिकरसुद्धा त्यात कसाबसा मावेल.

भाभांशी बिनसलं

टीआयएफआरमधल्या वर्षांत कोसंबींचं मन इतिहासात जास्त रमू लागलं होतं. सुट्टीच्या दिवशी ते पुण्याच्या आसपासच्या टेकड्या तुडवत. आदिमानवाची बारीक दगडी हत्यारं गोळा करत, गावोगावच्या देवींची ठाणी बघत, कार्ल्याच्या लेण्यांवर तासन्‌तास घालवत. इतिहास म्हणजे राजांच्या याद्या हे त्यांना मान्य नव्हतं. लोक काय पिकवत होते, कशाने पिकवत होते, जास्तीचं धान्य कुणाच्या घरी जात होतं, असे प्रश्न ते विचारत. मार्क्सची पद्धत त्यांनी घेतली, पण पोथीनिष्ठ मार्क्सवाद्यांशीही त्यांचं पटलं नाही.

१९५६ साली अ‍ॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी हा ग्रंथ आला आणि भारतीय इतिहासलेखनाची दिशाच बदलली. १९६२ ला मिथ अँड रिअ‍ॅलिटी, १९६५ ला प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं आणखी एक पुस्तक आलं.

इकडे संस्थेत मात्र ताण वाढत होता. भाभा देशाच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रमुख. कोसंबी जागतिक शांतता चळवळीत सक्रिय आणि अणुऊर्जेवर जाहीर टीका करणारे. भारताजवळ ऊन भरपूर आहे, सौरऊर्जेवर पैसा लावा, असा त्यांचा आग्रह होता. १९६० साली पुण्याच्या रोटरी क्लबमधल्या भाषणात त्यांनी हे सविस्तर मांडलं. तेव्हा ते विक्षिप्तपणाचं वाटलं असेल. आज मनमाडच्या गच्चीवर सोलर पॅनेल दिसतात.

त्यातच एक चूक घडली आणि ती त्यांची स्वतःची होती. रीमान गृहीतक हा गणितातला महाकठीण प्रश्न, आजही न सुटलेला. त्याचा उलगडा संभाव्यतेच्या वाटेने करता येतो असा दावा कोसंबींनी १९५९ साली केला. निबंध छापला तोही शेतीच्या संख्याशास्त्राच्या मासिकात. दावा टिकला नाही. गणितातलं त्यांचं नाव त्यामुळे डागाळलं. १९६२ साली टीआयएफआरने त्यांचा करार पुढे वाढवला नाही.

सतरा वर्षांचं अप-डाऊन थांबलं. दोन वर्षांनी पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत सीएसआयआरने त्यांना मानद शास्त्रज्ञाचं पद दिलं. त्यांनी अविभाज्य संख्यांवर पुस्तक लिहायला घेतलं. एस. डुक्रे अशा टोपणनावानेही त्यांनी गणिताचे निबंध छापले.

२९ जून १९६६ च्या पहाटे झोपेतच त्यांचं हृदय थांबलं. वय ५८.

एकच प्रत होती

अविभाज्य संख्यांवरच्या पुस्तकाचं हस्तलिखित त्यांनी मृत्यूच्या थोडं आधी प्रकाशकाकडे पाठवलं होतं. ते पुस्तक कधी छापलं गेलं नाही. हस्तलिखितही पुन्हा सापडलं नाही.

त्या पानांत रीमान गृहीतकाची दुरुस्त केलेली वाट होती की पुन्हा तीच चूक, हे आता कुणी सांगू शकत नाही. चूक असती तरी ती बघायला मिळाली असती. एक मोठा माणूस शेवटची दोन-चार वर्षं काय विचार करत होता ते कळलं असतं.

गणिताच्या बाकीच्या निबंधांचीही तीच गत होती. ते वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या विषयांच्या मासिकांत विखुरले होते. १९४३ च्या निबंधाचं श्रेय हुकलं त्याचं मोठं कारण हेच, की तो जिथे होता तिथे बघायला कुणी गेलं नाही. २०११ साली एरोस्पेस शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी रेझोनन्स मासिकात या निबंधाची आठवण करून दिली. २०१६ साली रामकृष्ण रामस्वामी यांनी कोसंबींचे निवडक गणिती निबंध एका ग्रंथात गोळा केले. आता कोसंबी-कारहुनेन-लोएव असं तिहेरी नाव छापलेलं दिसू लागलं आहे. निबंधानंतर सत्तरएक वर्षांनी.

यातून टेबलाखालच्या डब्याकडे परत येऊ.

एका डब्यात गणित, नाणी, संस्कृत, आनुवंशिकी, पुरातत्त्व आणि इतिहास चालवणारा माणूस म्हणजे सिंगल सर्व्हरच म्हणायचा. त्याचा फायदा स्पष्ट होता. सगळं एकाच ठिकाणी असल्याने नाण्यांसाठी शिकलेलं गणित इतिहासाच्या कामी आलं, इतिहासासाठी शिकलेलं संस्कृत नाण्यांच्या. मध्ये कुठली भिंत नव्हती. तोटाही तितकाच स्पष्ट. डबा बंद पडला की त्यात जे होतं ते गेलं.

म्हणून तुमच्या दुकानात, क्लासमध्ये किंवा पतसंस्थेत एकाच सर्व्हरवर सगळं चालत असेल, तर चार गोष्टी आजच तपासा.

पहिली, डिस्कचा आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. आरसा एका डिस्कच्या मरणापासून वाचवतो. चुकून फाइल पुसली, तर ती दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते.

दुसरी, स्नॅपशॉटही बॅकअप नव्हे. तासापूर्वीची अवस्था परत आणायला तो उत्तम. पण तो त्याच डब्यात राहतो. डबा जळला किंवा चोरीला गेला की तोही गेला.

तिसरी, प्रती तीन ठेवा. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असू द्या आणि त्यातली एक गावात का होईना, पण दुसऱ्या छताखाली ठेवा. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर यूपीएस लावा आणि बॅटरी संपायच्या आत सर्व्हर आपोआप नीट बंद होईल असं सेटिंग करा.

चौथी आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी गोष्ट. महिन्यातून एकदा बॅकअप उघडून बघा. त्यातून एक आभासी मशीन खरंच चालू करून पहा. प्रत पाठवली एवढ्यावर निर्धास्त राहू नका. पोचली का आणि वाचता येते का, हे बघा. कोसंबींनीही हस्तलिखित पाठवलं होतंच.

३१ जुलै २००८ रोजी, त्यांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या शेवटी, भारत सरकारने त्यांच्या नावाने पाच रुपयांचं टपाल तिकीट काढलं. त्यांच्या कन्या मीरा कोसंबी स्वतः नामवंत समाजशास्त्रज्ञ होत्या. वडिलांच्या आणि आजोबांच्या लेखनाची नीट जपणूक करण्यात त्यांनी बरीच वर्षं घातली.

मनमाडकर पाणी आलं की आधी सगळ्या टाक्या भरून घेतो, कारण पुढचं पाणी कधी येईल ते त्याच्या हातात नसतं. डेटाचंही तसंच समजा. आज हाताशी आहे तोवर दुसरी टाकी भरून ठेवा.